समुद्री शेवाळ जेवणात आणायचं तर: सातारा-सांगलीच्या स्वयंपाकघरासाठी

तासगाव-पलूसकडच्या द्राक्षबागायतदाराला सी-वीडची, म्हणजे पिकाला द्यायच्या समुद्री शेवाळाच्या अर्काची, बाटली नवी नाही. चायना ग्रासची पुडी वाण्याकडे मिळते, तेही समुद्री शेवाळाचंच. आइस्क्रीमच्या किंवा सुगंधी दुधाच्या वेष्टनावर आयएनएस ४०७ लिहिलेलं असेल, तर ते कॅराजिनन, म्हणजे लाल समुद्री शेवाळातून काढलेला, दाटपणा आणणारा पदार्थ. म्हणजे समुद्रापासून इतकं आत राहूनही हे शेवाळ आपल्या पोटात थोडंफार जातंच. आता ते ठरवून, ताटातला पदार्थ म्हणून खायचं असेल तर काय घ्यायचं, किती घ्यायचं आणि कशात घालायचं, एवढ्यासाठी हा लेख.

नवखी माणसं साधारण तीन ठिकाणी चुकतात. ऑनलाइन दिसेल ते पाकीट मागवतात. पालेभाजीच्या मापाने वाटीभर घालतात. आणि चव आवडली नाही की सगळंच फडताळात मागे सारून देतात. तिन्हींवर उपाय एकच: ओळखीच्या पदार्थापासून सुरुवात करा आणि माप ग्रॅममध्ये ठेवा.

१. आधी प्रकार ओळखा

बाजारात नावं पुष्कळ दिसतात, पण सुरुवातीला पाच कळली तरी पुरे.

चायना ग्रास, म्हणजेच अगर-अगर. लाल शेवाळ उकळून, गाळून, वाळवून केलेल्या पांढऱ्या दोऱ्या किंवा पावडर. वास नाही, चव नाही. सुरुवात याच्यापासून करावी.

नोरी. कागदासारखी पातळ, गडद हिरवी पानं. एक मोठं पान साधारण २१ बाय १९ सेंटिमीटरचं आणि अडीच ते तीन ग्रॅम वजनाचं असतं. आपल्या जेवणाशी याचंच सर्वात चांगलं जमतं.

वाकामे. वाळवलेले, चुरगळलेले काळपट-हिरवे तुकडे. पाण्यात टाकले की कित्येक पट फुगतात आणि मऊ हिरवी पानं होतात.

कोम्बू. जाड, चामड्यासारखी पट्टी, वर पांढरी भुकटी. जपानी रश्श्याचा पाया हाच. १९०८ साली किकुनाए इकेदा यांनी याच कोम्बूतून ग्लुटामेट वेगळं काढलं, ज्यामुळे रश्श्याला भरीव चव येते. आयोडीनही सर्वात जास्त यातच, म्हणून नवख्याने याला शेवटी हात लावावा.

हिजिकी. काळ्या, बारीक, आखूड काड्या. हे घेऊच नका. यात असेंद्रिय, म्हणजे जास्त विषारी रूपातलं, आर्सेनिक जास्त असतं, आणि ब्रिटनच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २००४ मध्येच ते खाऊ नये असा सल्ला लोकांना दिला. दुकानात ‘नवीन प्रकार’ म्हणून कुणी पुढे केलं तरी नको म्हणा.

आणि ही तीन या यादीतली नव्हेत. कृषी सेवा केंद्रातला सी-वीड अर्क पिकासाठी असतो. तो काढताना क्षार वापरलेले असू शकतात आणि तो खाण्याच्या दर्जाचा नसतो, बाटलीवर ‘सेंद्रिय’ लिहिलं असलं तरीही. स्पिरुलिना हे समुद्री शेवाळ नाही. ती सूक्ष्म निळ्या-हिरव्या जिवाणूंची जात आहे, टाक्यांत वाढवतात आणि तिचा हिशोब वेगळा. कृष्णा, कोयना, वेण्णेच्या डोहातलं किंवा विहिरीतलं हिरवं शेवाळ तर कधीच तोंडात घालू नका. त्यातल्या काही निळ्या-हिरव्या जाती यकृताला घातक विष तयार करतात, आणि ते उकळूनही जात नाही.

२. आयोडीनचा हिशोब समजून घ्या

हा भाग वगळून पुढे पाककृतींकडे जाऊ नका. समुद्री शेवाळाचा फायदा आणि धोका, दोन्ही इथेच आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला २५०. वरची मर्यादा युरोपात ६०० मायक्रोग्रॅम धरतात, अमेरिकेत १,१००. आपल्या घरात आयोडीनयुक्त मीठ असतं. ग्राहकापर्यंत पोचेपर्यंत त्यात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असायला हवं. दिवसाला आठ ग्रॅम मीठ पोटात गेलं तर त्यातूनच १२० मायक्रोग्रॅम येतं, शिजवताना थोडं उडून जातं एवढंच. म्हणजे बहुतेक घरांत आयोडीनची मोठी तूट नाही, आणि शेवाळ खाऊन ती भरायचीही नाही.

आता शेवाळाकडे बघा. एका ग्रॅम वाळलेल्या नोरीत साधारण १६ ते ४३ मायक्रोग्रॅम आयोडीन असतं. वाकामेत याच्या दुप्पट-तिप्पट. कोम्बूत मात्र एका ग्रॅममध्ये दोन हजारांच्या आसपास, कधी त्याहून जास्त. म्हणजे नोरीचं एक अख्खं पान खाल्लं तरी दिवसाच्या गरजेच्या आत-बाहेर राहता, आणि कोम्बूचा एका ग्रॅमचा तुकडा संपूर्ण खाल्ला तर वरची मर्यादा ओलांडून जाता. ‘समुद्री शेवाळ चांगलं असतं’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. कुठलं शेवाळ, ते आधी विचारावं लागतं.

आयोडीन पाण्यात विरघळतं. कोम्बू १५ मिनिटं उकळला तर त्यातलं बहुतेक सगळं आयोडीन पाण्यात उतरतं. काही जण पट्टी काढून टाकतात, रस्सा पितात आणि आयोडीन कमी केलं असं समजतात. खरं तर ते सगळं रश्श्यात आलेलं असतं.

घरात सैंधव मीठ वापरत असाल तर चित्र थोडं बदलतं, कारण साध्या सैंधवात आयोडीन घातलेलं नसतं. अशा घरात आठवड्यातून तीन-चार वेळा थोडी नोरी खरोखर उपयोगी पडते.

३. यांनी आधी डॉक्टरांना विचारावं

थायरॉइडची गोळी चालू असणाऱ्यांनी, थायरॉइडला गाठ किंवा सूज असणाऱ्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची अन्न यंत्रणा गरोदर बायकांना आणि लहान मुलांना तपकिरी शेवाळ, म्हणजे कोम्बू-वाकामेचा गट, आठवड्यातून एका वेळेपेक्षा जास्त देऊ नये असं सांगते. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी असेल तर नोरी-वाकामेतलं के जीवनसत्त्व तिच्या कामात अडथळा आणू शकतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर शेवाळातल्या पोटॅशियमचा प्रश्न येतो. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी नोरीचं पाकीट उलटून वाचावं. नोरीच्या शेतीत जाळ्यांवर बारीक कोळंबी आणि खेकडे सापडतात, त्यामुळे तशी सूचना पाकिटावर बऱ्याचदा असते. माळकरी घरांनीही ही सूचना वाचून मग आपला निर्णय घ्यावा.

शाकाहारी लोकांसाठी आणखी एक. नोरीत बी-१२ असतं हे खरं, पण त्याच्या भरवशावर बी-१२ची गोळी बंद करू नका. स्पिरुलिनातलं बी-१२ तर बहुतांशी शरीराला न वापरता येणाऱ्या रूपात असतं.

४. खरेदी करताना

चायना ग्रास सातारा, कराड, सांगली, मिरज, कुठेही मोठ्या किराणा दुकानात मिळतं. नोरी आणि वाकामेसाठी ऑनलाइन मागवा, नाहीतर पुण्याला जाणं झालंच तर आयात माल ठेवणाऱ्या दुकानातून आणा. पाकिटावर हे तपासा:

– एफएसएसएआयचं चिन्ह आणि १४ अंकी परवाना क्रमांक
– परदेशी माल असेल तर भारतातल्या आयातदाराचं नाव आणि पत्ता, छापलेला किंवा चिकटवलेला
– हिरवा शाकाहारी ठिपका
– घटक पदार्थ: नोरीच्या पाकिटावर फक्त ‘शेवाळ’ असावं
– शेवाळाच्या जातीचं किंवा प्रकाराचं नाव. नुसतं ‘सी-वीड पावडर’ एवढंच असेल तर घेऊ नका
– वापराची अंतिम तारीख

शेवटून दुसऱ्या मुद्द्यावर जरा थांबा. नाव नसलेल्या पावडरीत कोम्बूच्या गटातलं शेवाळ असू शकतं, आणि मग चमचाभर पावडरीत किती आयोडीन आहे याचा अंदाजच करता येत नाही. कॅप्सूलचंही तसंच.

लहान पाकिटातली चटपटीत भाजलेली नोरी मुलांना आवडते, पण तिच्यात तेल, साखर आणि मीठ असतं. ती खाऊ म्हणून ठीक, स्वयंपाकाला साधी नोरीच घ्या. ‘दाशी’ नावाची तयार पावडर आणि भातावर टाकायची जपानी मिश्रणं यांत बहुतेक वेळा वाळवलेला मासा असतो.

कुंभार्ली घाट उतरून गुहागरला गेलात आणि किनाऱ्यावर हिरवं शेवाळ दिसलं तर फोटो काढा, पिशवी भरू नका. खाण्यालायक जाती कोकणात आहेत, पण त्या ओळखायला तयार डोळा लागतो. शिवाय वाहून आलेलं शेवाळ कुजायला लागलेलं असतं, आणि खाडीच्या तोंडाशी किंवा बंदराजवळ वाढलेलं शेवाळ जड धातू शोषून घेतं.

५. हाताशी काय असावं

एक ग्रॅम नीट दाखवणारा डिजिटल वजनकाटा, कात्री, जाड बुडाचा तवा, बारीक गाळणी आणि घट्ट झाकणाचा स्टीलचा किंवा काचेचा डबा. वजनकाट्याची टाळाटाळ करू नका. वाळलेलं शेवाळ इतकं हलकं असतं की चमच्याचं माप दरवेळी वेगळं भरतं.

६. पहिला आठवडा: चायना ग्रास

डिसेंबर ते मार्च महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी असते, तेव्हा ती घ्या. इतर वेळी आंबा किंवा द्राक्षं चालतात.

अर्धा लिटर दुधाला ५ ग्रॅम दोऱ्या. दोऱ्या कात्रीने बोटभर लांबीच्या कापून पाऊण वाटी थंड पाण्यात अर्धा तास भिजवा. त्याच पाण्यासकट मंद आचेवर ठेवा आणि ढवळत राहा. आठ-दहा मिनिटांनी पळी वर उचलून बघा. पळीवरून ओघळणाऱ्या पाण्यात एकही पारदर्शक धागा दिसता कामा नये. धागा दिसला तर आणखी उकळा. चायना ग्रास ८५ अंशांच्या वरच नीट विरघळतं, नुसत्या गरम पाण्यात नाही.

दुसऱ्या भांड्यात दूध आणि चार चमचे साखर गरम करा. गाळणीतून चायना ग्रासचं पाणी त्यात ओता, ढवळा आणि वाटग्यात ओता. दूध फ्रिजमधून काढून थंडच घातलंत तर पाणी पडताक्षणी गुठळ्या होतात. नवख्यांचं बिघडतं ते बहुतेक इथेच.

स्ट्रॉबेरीचा गर घालायचा असेल तर आच बंद केल्यावर घाला. आंबट फळाबरोबर चायना ग्रास उकळलं तर त्याची पकड सैल होते. अननस, पपई कच्ची घातली तरी मात्र चालते. जिलेटीन त्यांच्यामुळे बसत नाही, याला काही होत नाही.

हे ३२ ते ४० अंशांच्या दरम्यान बसतं, म्हणून थंडीत ओट्यावरच अर्ध्या-पाऊण तासात वड्या पडतात. सांगलीच्या मे महिन्यात दुपारी ओट्यावर ठेवून वाट बघू नका. वाटगा थंड पाण्याच्या परातीत ठेवा किंवा फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी थोडं पाणी सुटतं, ते बिघडल्याचं लक्षण नाही, पण दोन दिवसांत संपवा.

पावडर असेल तर अर्ध्या लिटरला साधारण ४ ग्रॅम. कोरडी पावडर पाण्यासोबत गिळू नका, वजन कमी करण्यासाठी कुणी सांगितलं तरी. ती अन्ननलिकेत फुगून अडकू शकते. लहान मुलांना वड्या बारीक कापूनच द्या.

७. दुसरा आणि तिसरा आठवडा: नोरी

भाजलेली नोरी हिरवट दिसते, कच्ची जांभळट-काळी. कच्ची असेल तर मंद आचेवरच्या तव्यावर दोन्ही बाजूंनी पाच-सहा सेकंद फिरवा. रंग हिरवा झाला की उचला. जास्त भाजली तर कडू लागते.

चव ओळखायला पहिल्या दिवशी पाव पान घ्या. हाताने चुरून गरम भात-वरण-तुपावर टाका, आणि मीठ नेहमीपेक्षा कमी घाला. समुद्राचा वास गरम वाफेबरोबर जास्त जाणवतो, म्हणून ज्यांना तो नको वाटतो त्यांनी भाताऐवजी चटणीने सुरुवात करावी.

ही कोरडी चटणी आपल्या घरांत सर्वात सहज रुळेल असं मला वाटतं:

शेंगदाणे १०० ग्रॅम, तीळ ५० ग्रॅम, सुकं खोबरं २५ ग्रॅम, लसणाच्या दहा पाकळ्या, दोन चमचे लाल तिखट, मीठ अर्धा चमचा आणि नोरीची तीन पानं.

शेंगदाणे, तीळ, खोबरं वेगवेगळं भाजून पूर्ण गार होऊ द्या. लसूण थेंबभर तेलावर कोरडा होईपर्यंत परता, कच्चा राहिला तर चटणी चार दिवसांत वास मारते. नोरी तव्यावर कडक करून हातानेच चुरा. आधी शेंगदाणे, खोबरं, लसूण, तिखट, मीठ मिक्सरला थांबत-थांबत फिरवा. भरड झालं की तीळ घालून एकदा फिरवा. नोरीचा चुरा शेवटी चमच्याने मिसळा. मिक्सरमध्ये सगळ्याबरोबर फिरवला तर शेंगदाण्याचं तेल सुटून नोरीचे ओलसर गोळे होतात.

ही साधारण दोनशे ग्रॅम चटणी होते. शाळूच्या भाकरीबरोबर मोठा चमचाभर, म्हणजे दहा ग्रॅम घेतली तर पोटात नोरी जाते अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. रोज खाल्ली तरी आयोडीनची काळजी नाही. वर दही किंवा कच्चं तेल घ्या.

थालीपीठाच्या चार जणांच्या भाजणीत दोन पानांचा बारीक चुरा चांगला लागतो. भाकरीच्या पिठात मात्र घालू नका. तुकडा मोठा राहिला की थापताना तिथेच भाकरी चिरते. इंद्रायणी तांदूळ चिकट होतो, त्याचा मऊ भात, लोणच्याचा खार आणि काकडी नोरीत गुंडाळून मुलांना डब्यात देता येतं, पण गुंडाळून लगेच खायचं असेल तरच. दुपारपर्यंत पान चिवट होतं आणि दाताने तुटत नाही. डब्यात नोरी वेगळ्या कोरड्या डबीत द्या. लहान मुलांना दिवसाला पाव ते अर्धं पान पुरे, मोठ्यांनी एका पानाच्या आत राहावं.

८. चौथा आठवडा: वाकामे

माणशी एक ग्रॅम, त्याहून जास्त नाही. वाटीत चिमूटभर दिसतं, म्हणून हात सैल सुटतो आणि पाण्यात टाकल्यावर पातेलं भरतं. थंड पाण्यात पाच-सात मिनिटं भिजवा, पाणी टाकून द्या, पुन्हा एकदा धुऊन घट्ट पिळा. मीठ लावलेलं वाकामे असेल तर तीन पाण्यांतून काढा.

चौघांच्या कोशिंबिरीला ४ ग्रॅम वाकामे, दोन काकड्या, मूठभर शेंगदाण्याचं कूट, लिंबू, चिमूटभर साखर आणि हिंग-मिरचीची फोडणी. मीठ सगळ्यात शेवटी, चव बघून.

आमटीत घालायचं असेल तर भिजवून पिळलेलं, आच बंद केल्यावर घाला. कोरडं टाकलं तर ते रस्सा शोषून घेतं. उकळत ठेवलं तर बुळबुळीत होतं, आणि एकदा तसं तोंडात आलं की घरातली माणसं पुन्हा हात लावत नाहीत. कोरड्यासात घरची कांदा-लसूण चटणी पडत असेल तर तिच्यातलं मीठही हिशोबात धरा.

९. कोम्बू: महिना झाल्यावरच, आणि तेही क्वचित

अख्ख्या मसूराला कोम्बूने खरोखर चांगली चव येते. पाच जणांच्या मसुराला एक ग्रॅमचा तुकडा, काट्यावर तोलून. साधारण तीन सेंटिमीटर चौकोनाएवढा भरतो. ओल्या फडक्याने पुसा, वरची पांढरी भुकटी धुऊ नका, चव तिच्यातही आहे. दोन वाट्या पाण्यात तासभर भिजवा, मंद आचेवर बुडबुडे यायच्या आधी पट्टी काढून टाका आणि तेच पाणी मसूर शिजवायला घ्या. खळखळ उकळलं तर कडवटपणा आणि चिकटपणा उतरतो.

या एका ग्रॅमचं आयोडीन पाच जणांत वाटलं तरी प्रत्येकाच्या वाट्याला चारशे मायक्रोग्रॅमच्या आसपास येऊ शकतं, वर मिठातलं वेगळं. म्हणून महिन्यातून एखाद्या वेळी, आणि त्या दिवशी दुसरं कुठलंही शेवाळ नाही. तिसऱ्या भागातल्या यादीत बसणारं कुणी जेवायला असेल तर त्यांचा मसूर वेगळा शिजवा, किंवा कोम्बू त्या दिवशी राहू द्या.

१०. साठवण

उन्हाळ्यात काही अडचण नाही. जून ते सप्टेंबर, विशेषतः महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या बाजूला, फोडलेलं नोरीचं पाकीट दोन दिवसांत लवचीक होतं. पाकिटातली ओल शोषणारी पुडी टाकू नका, ती डब्यातच राहू द्या. लागतील तेवढीच पानं काढा आणि ओल्या हाताने डब्याला हात लावू नका. फ्रिजमध्ये ठेवली असेल तर डबा बाहेर काढून खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर आत दव धरतं.

मऊ पडलेली नोरी तव्यावर काही सेकंद धरली की पुन्हा कडक होते. रंग तांबूस-जांभळा झाला, कुबट वास आला किंवा बुरशीचा ठिपका दिसला तर फेकून द्या, भाजून वापरू नका. कोम्बूवरची पांढरी भुकटी मात्र बुरशी नव्हे. बुरशी केसाळ असते आणि तिला कुबट वास येतो. भिजवलेलं वाकामे फ्रिजमध्ये एक दिवस टिकतं, म्हणून लागेल तेवढंच भिजवा.

११. पोटाने तक्रार केली तर

शेवाळातल्या तंतूंची सवय नसते, त्यामुळे पहिल्या आठवड्यात पोट गच्च वाटणं किंवा वारा धरणं होऊ शकतं. प्रमाण निम्मं करा, पाणी वाढवा, रात्रीऐवजी दुपारच्या जेवणात घ्या. अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले किंवा श्वास लागला तर लगेच दवाखाना गाठा आणि रिकामं पाकीट सोबत न्या. छातीत धडधड, हातांना कंप, अकारण घाम किंवा उलट सतत थकवा आणि गळ्याला सूज जाणवली तर शेवाळ पूर्ण बंद करून थायरॉइडची तपासणी करून घ्या. डॉक्टरांना सांगताना कुठलं शेवाळ, किती ग्रॅम आणि किती दिवस खाल्लं ते सांगा. त्यासाठी डब्याच्या झाकणावर पाकीट फोडल्याची तारीख आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या-त्या दिवसाचं माप लिहून ठेवा.